कोकणात टेनिस कोर्ट शोधताना: मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत नवख्यांसाठी

बदली होऊन रत्नागिरीला आलात, अलिबागेत घर घेतलंत किंवा नोकरीसाठी गावातून मुंबईला गेलात, आणि रॅकेट कपाटात पडून आहे. कोर्ट नाहीच असं समजून बहुतेक जण इथे खेळ सोडून देतात. खरं तर कोर्ट असतं, पण ते क्रीडा संकुलाच्या मागच्या बाजूला, कंपनीच्या वसाहतीत किंवा कॉलेजच्या आवारात कुलपात असतं. त्या कुलपाची किल्ली कोणाकडे आहे हे शोधणं हेच मुख्य काम. आणि किल्ली मिळाली तरी कोकणात टेनिसचं वर्ष आठच महिन्यांचं असतं, हे पैसे भरण्याआधी लक्षात घ्यायला हवं.

१. आधी शब्द बदला

कोकणात नुसतं ‘टेनिस’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर टेनिस बॉल क्रिकेट येतं. ‘इथे टेनिस कुठे खेळतात?’ असं विचारलंत तर अगदी मनापासून तुम्हाला ओव्हरआर्म स्पर्धेच्या मैदानाचा नाहीतर बॉक्स क्रिकेटच्या टर्फचा पत्ता मिळेल. म्हणून बोलताना, फोनवर आणि अर्जात कायम ‘लॉन टेनिस’ म्हणा. सरकारी कागदांत आणि शालेय स्पर्धांच्या यादीतही हेच नाव चालतं. गवत असो वा नसो, शब्द हाच.

हीच गफलत दुकानात होते. खेळाच्या दुकानात ‘टेनिस बॉल द्या’ म्हटलं की क्रिकेटसाठीचा चेंडू पुढे येतो. तो कोर्टवर वापरू नका. त्याचा टप्पा वेगळा, जड असेल तर हाताच्या कोपराला त्रास, आणि त्यावर शिकलेला फटका खऱ्या चेंडूवर बसत नाही.

२. नकाशावर वरून बघा

फोनवरच्या नकाशात नाव टाकून फारसं हाती लागत नाही, कारण संकुलाचं नाव असतं, कोर्टचं नसतं. उपग्रहाचं चित्र लावा आणि निळे, हिरवे किंवा विटकरी आयत शोधा. अंतर मोजायची सोय वापरली की ओळख पक्की होते. टेनिस कोर्टच्या रेषा २३.७७ मीटर लांब आणि दुहेरीसाठी १०.९७ मीटर रुंद असतात. भोवतीची मोकळी जागा धरून रंगवलेला भाग साधारण ३६ बाय १८ मीटर भरतो. बास्केटबॉलचं कोर्ट २८ बाय १५ मीटरचं, दोन्ही टोकांना अर्धगोल असलेलं. बॅडमिंटनचं जेमतेम १३.४ बाय ६.१ मीटर.

चित्र जुनं असू शकतं. कोर्ट दिसलं म्हणजे ते चालू आहे असं नाही. पण कुठे जाऊन विचारायचं याची यादी घरबसल्या तयार होते.

३. कोर्ट कोणाच्या ताब्यात आहे ते ओळखा

प्रत्येक प्रकारच्या जागेत विचारायचा माणूस वेगळा असतो.

जिल्हा आणि तालुका क्रीडा संकुलं राज्याच्या क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या व्यवस्थेत येतात. इथे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जायचं. कार्यालय आणि संकुल एकाच आवारात असेलच असं नाही. रायगडचं जिल्हा संकुल अलिबाग शहरात नसून नेहुलीला आहे. सिंधुदुर्गात मुख्यालय ओरोसला, म्हणजे सिंधुदुर्गनगरीत. मालवण, कुडाळ किंवा सावंतवाडीहून निघण्याआधी फोन करून नेमकं कुठे यायचं ते विचारून घ्या.

याच कार्यालयाकडून दरवर्षी शालेय लॉन टेनिस स्पर्धा होतात, १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांच्या. इथे एक प्रश्न जरूर विचारा: ‘यंदाची जिल्हास्तरीय लॉन टेनिस स्पर्धा कुठे झाली?’ ज्या कोर्टवर स्पर्धा झाली ते त्या वेळी तरी खेळण्याजोगं होतं. शिवाय मुलं घेऊन आलेल्या क्रीडाशिक्षकांची नावं कळतात. जिल्ह्यात कोण कुठे खेळतं हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं.

नगरपरिषद आणि महापालिकेच्या जागा बऱ्याचदा ठेक्याने चालवायला दिलेल्या असतात. पालिकेत विचारलं तर ठेकेदाराकडे पाठवतात, ठेकेदाराकडे गेलं तर प्रशिक्षक पुढे येतो. पालिकेने ठरवलेले दर लेखी मागा. दरपत्रक फलकावर लावलेलं असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा.

कारखाने, बंदरं आणि रेल्वेच्या वसाहतींत स्पोर्ट्स क्लब असतो. फाटकावर विचारून काही होत नाही, रखवालदाराला ‘नाही’ म्हणायलाच ठेवलेलं असतं. क्लबच्या सचिवांचं नाव मिळवा आणि ‘बाहेरचे सभासद घेता का?’ असं सरळ विचारा. वसाहतीत राहणारा एखादा खेळाडू सोबत असेल तर पाहुणा म्हणून सुरुवात होते.

कॉलेजं, विशेषतः अभियांत्रिकीची, हा सगळ्यात दुर्लक्षित पर्याय. मुलं सकाळी खेळत नाहीत, कोर्ट मोकळं असतं. प्राचार्यांच्या नावाने अर्ज द्या, पण आधी क्रीडा संचालकांना भेटा. तुम्ही आठवड्यातून एक दिवस मुलांना खेळवणार असाल तर परवानगी लवकर मिळते, आणि खेळायला सोबतीही तयार होतात.

जिल्ह्याच्या ठिकाणी ऑफिसर्स क्लब आहे का, आणि किनाऱ्यावरच्या रिसॉर्टमध्ये तासावर कोर्ट मिळतं का, तेही एकदा विचारून बघा.

४. मुंबईत शोधताना

मुंबईत कोर्टं पुष्कळ, पण मोठा भाग जिमखान्यांचा आणि क्लबांचा. मरीन ड्राइव्हवरचे जिमखाने किंवा चर्चगेटजवळचा क्रिकेट क्लब ऑफ इंडिया ही सभासदांची ठिकाणं आहेत. तिथे सभासदासोबत पाहुणा म्हणूनच जाता येतं आणि पाहुण्याचं शुल्क सभासदाच्या खात्यावर पडतं. ओळख असली तरी ते पैसे आपण आठवणीने द्यावेत.

सभासद नसलेल्याने आधी बघायची ठिकाणं वेगळी. नेपियन सी रोडवरच्या प्रियदर्शिनी पार्कात टेनिस कोर्टं आहेत. कूपरेजला महाराष्ट्र राज्य लॉन टेनिस संघटनेचं केंद्र आहे. मुलांना स्पर्धेत उतरवायचं असेल तर नोंदणीची चौकशी तिथेच करावी. महापालिकेच्या प्रतिष्ठानाकडे अंधेरीचं शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल आणि मुलुंडचं प्रियदर्शिनी संकुल आहे. तिथे जाण्याआधी टेनिसचे सध्याचे स्लॉट फोनवर विचारा. नवी मुंबईत वाशीच्या नवी मुंबई स्पोर्ट्स असोसिएशनपासून सुरुवात करा.

नावांकडे लक्ष असू द्या. एक ‘प्रियदर्शिनी’ मलबार हिलच्या पायथ्याशी समुद्रालगत, दुसरं मुलुंडला. गाडीत बसून नुसतं नाव सांगितलंत तर सकाळचा स्लॉट हातचा जाईल.

प्रवास हा मुंबईतला खरा निकष आहे. घरापासून किंवा कार्यालयापासून अर्ध्या तासात पोहोचता येत नसेल तर कितीही सुंदर कोर्ट महिन्याभरात सुटतं. लोकलने जाणार असाल तर सकाळी साडेआठनंतर रॅकेटची पिशवी घेऊन डब्यात चढणं कठीण, हेही धरून वेळ निवडा.

५. कार्यालयात जाताना

राज्य सरकारी कार्यालयांना २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. वेळ सकाळी ९.४५ ते संध्याकाळी ६.१५. शनिवारी गाडी पकडून जिल्ह्याच्या गावी गेलात तर फेरी फुकट. मंगळवार ते गुरुवार, अकराच्या सुमारास जा.

सोबत ठेवा:

- आधार कार्डाच्या दोन प्रती
- पासपोर्ट आकाराचे तीन-चार फोटो
- राहण्याचा पुरावा: वीजबिल किंवा भाडेकरार
- डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र (अनेक संकुलं मागतात, नोंदणीकृत डॉक्टरांची सही आणि शिक्का हवा)
- मुलांसाठी जन्मदाखला आणि शाळेचं बोनाफाइड (सवलतीचा दर असेल तर याच कागदावर मिळतो)
- लिहिलेल्या अर्जाच्या दोन प्रती

अर्ज साधा असावा. नमुना:

‘प्रति, मा. जिल्हा क्रीडा अधिकारी. विषय: लॉन टेनिस कोर्ट सरावासाठी वापरण्याची परवानगी मिळणेबाबत. महोदय, आपल्या अखत्यारीतील क्रीडा संकुलातील लॉन टेनिस कोर्ट दि. … ते दि. … या कालावधीत, सोमवार ते शनिवार, सकाळी ६.३० ते ७.३० या वेळेत चार खेळाडूंच्या सरावासाठी वापरण्याची परवानगी मिळावी, ही विनंती. नियमानुसार होणारे शुल्क व अनामत रक्कम भरण्यास आम्ही तयार आहोत. रॅकेट व चेंडू आमचे राहतील. सोबत खेळाडूंची नावे व ओळखपत्रांच्या प्रती जोडल्या आहेत.’

एकट्याच्या अर्जापेक्षा चौघांच्या अर्जाला वजन असतं. एक प्रत कार्यालयाला द्या आणि दुसरीवर शिक्का आणि आवक क्रमांक मारून घ्या. पुढच्या खेपेला ‘तुमचा अर्ज दिसत नाही’ असं ऐकू आलं तर हा आवक क्रमांकच कामी येतो.

परवानगी साहेबांची असली तरी कुलूप उघडणारा शिपाई किंवा केअरटेकर असतो. परवानगीपत्राची एक प्रत त्यांनाही नेऊन द्या, साडेसहाला कोण येणार, किल्ली कुठे असते, विंचचा दांडा कोणाकडे असतो, हे तिथेच ठरवा. नेट ताणायचा तो लोखंडी दांडा हरवू नये म्हणून काढून आत ठेवलेला असतो. तो हाताशी नसला की पोटात लोंबणाऱ्या नेटवर खेळावं लागतं.

६. पैसे भरण्याआधी कोर्ट तपासा

एवढी पायरी तरी गाळू नका. ज्या वेळेला खेळणार त्याच वेळेला जा, अर्धा तास थांबा.

पृष्ठभाग. कोकणातली बहुतेक नवी कोर्टं काँक्रीटवर अॅक्रिलिक रंगाचे थर दिलेली, म्हणजे हार्ड कोर्ट असतात. पावसाळ्यात खालून ओल चढली की थर फुगतो आणि पापुद्रे सुटतात. बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टच्या मागच्या टोकाच्या रेषेच्या, आसपास टाचेने ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर तिथला थर सुटत चालला आहे. सुटलेल्या कडेला बूट अडकला की घोटा मुरगळतो.

निचरा. चांगल्या हार्ड कोर्टला शंभर मीटरला एक मीटर इतका हलका उतार एकाच दिशेने दिलेला असतो. कोर्ट धुतल्यावर किंवा सर येऊन गेल्यावर तासाभराने बघा. खळग्यात रुपयाचं नाणं टाकलं आणि ते पाण्याखाली गेलं, तर त्या जागी पावसाळाभर पाणी साचणार. असे एक-दोन खळगे कोपऱ्यात असतील तर चालवून घ्या, सर्व्हिस बॉक्समध्ये, म्हणजे सर्व्हिसचा चेंडू पडतो त्या नेटलगतच्या चौकोनांत, असतील तर नको.

शेवाळ. इथला सगळ्यात मोठा धोका हाच. झाडाच्या सावलीत, भिंतीलगत, नेटच्या खांबापाशी काळपट-हिरवे डाग दिसले की ओल्या हाताने घासून बघा. बुळबुळीत लागलं तर ते जिवंत शेवाळ. कोरडं असताना त्यावर काही जाणवत नाही. सकाळच्या दवात मात्र तिथे पाय साबणावर पडल्यासारखा सरकतो. पाऊस संपल्यावर कोर्ट ब्लीचिंगच्या पाण्याने आणि ताठ ब्रशने घासून घेतात का, हे विचारा. ‘आपोआप वाळतं’ असं उत्तर आलं तर नोव्हेंबरपर्यंत थांबा.

नेट. मध्यभागी ०.९१४ मीटर आणि खांबांपाशी १.०७ मीटर उंची हवी. टेप नसेल तर एक रॅकेट उभी धरा आणि तिच्यावर दुसऱ्या रॅकेटचं डोकं आडवं ठेवा. दोन्ही मिळून जवळपास मधल्या नेटची उंची होते. खाऱ्या हवेत नेटची तार आतून गंजते. प्लास्टिकचं आवरण फुगलेलं किंवा तपकिरी पाणी पाझरलेलं दिसलं तर ती तार ताणताना तुटू शकते, तोंड बाजूला ठेवून विंच फिरवा. बहुउद्देशीय मैदानावर टेनिसचं नेट व्हॉलीबॉलच्या खांबांना बांधलेलं असतं. ते मध्ये कधीच नीट बसत नाही.

मागची जागा. बेसलाइनपासून मागच्या कुंपणाच्या जाळीपर्यंत किमान साडेपाच मीटर, बाजूंना तीन मीटर हवेत. मोठी सात पावलं टाकून मोजा. शाळेच्या आवारात बसवलेल्या कोर्टांत हीच जागा कमी पडते आणि मागे चिऱ्याची भिंत असते. धावत मागे जाताना तिच्यावर आदळायला वेळ लागत नाही.

दिशा. कोर्टची लांबी उत्तर-दक्षिण असावी. फोनवरचं होकायंत्र बघा. पूर्व-पश्चिम असेल तर संध्याकाळी पाचनंतर एका बाजूच्या खेळाडूच्या डोळ्यांत थेट सूर्य येतो, सर्व्हिससाठी वर टाकलेला चेंडू दिसतच नाही. अशा कोर्टवर सकाळी उशिराचा किंवा रात्रीचा स्लॉट घ्या.

दिवे. संध्याकाळी सात वाजता जाऊन किती दिवे खरोखर लागतात ते मोजा. दिव्यांचं शुल्क वेगळं आहे का आणि वीज गेली तर तो तास पुढे मिळतो का, हे पावती घेण्याआधी बोलून घ्या.

मातीचं कोर्ट मिळालं तर भाग्य समजा, गुडघ्यांना ते फार मानवतं. पण पावसाळ्यानंतर ते पुन्हा उभं करावं लागतं: माती भरणं, पाणी मारणं, रोलर फिरवणं, फक्कीने रेषा आखणं. हे काम दरवर्षी कोण करतं, एवढा एकच प्रश्न पुरेसा आहे.

७. वर्षाचं आणि दिवसाचं गणित

पाऊस जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला जातो. छप्पर असलेली कोर्टं अगदी मोजकी. त्यामुळे मे महिन्यात वार्षिक वर्गणी भरणं म्हणजे पहिले चार महिने नुसते पैसे देणं. ऑक्टोबरमध्ये भरा, किंवा महिन्याची पावती घ्या. ‘वर्षाचे भरा, स्वस्त पडतं’ असं सांगतील तेव्हा वर्षाला बाराने नाही, आठाने भागून बघा.

सुट्ट्या आणि अडचणीही धरा. निवडणुकीत संकुलं मतमोजणीसाठी घेतली जातात. शालेय स्पर्धांच्या दिवसांत कोर्ट सकाळपासून व्यापलेलं असतं. मे महिन्यात उन्हाळी शिबिरं. संध्याकाळी चार ते आठ बहुधा प्रशिक्षकांचे वर्ग चालतात, म्हणून सार्वजनिक वेळ नेमकी कोणती ते लेखी घ्या.

दिवसात सकाळी साडेसहा ते साडेआठ ही वेळ उत्तम. पहाटेचे मतलई वारे मंद असतात. दुपारनंतर समुद्रावरून खारे वारे सुटतात, फेब्रुवारी ते मे तर जोरातच. उत्तर-दक्षिण कोर्टवर हा वारा आडवा लागतो आणि सर्व्हिसचा चेंडू कडेला ढकलतो. तेव्हा चेंडू कमी उंच टाका आणि रेषेच्या हातभर आत मारा.

८. साहित्य

रॅकेट: नवख्या मोठ्या माणसाला २६० ते २८५ ग्रॅम वजन आणि १०० ते १०५ चौरस इंचाचं डोकं सोयीचं. मुठीच्या जाडीचा आकार एल२ किंवा एल३. रॅकेट धरल्यावर बोटांची टोकं आणि तळवा यांच्यात दुसऱ्या हाताची तर्जनी मावली पाहिजे. घामट हवेत मूठ घसरते, वरची ग्रिप दर दोन-तीन आठवड्यांनी बदला.

गटिंग (रॅकेटच्या तारा ओवून ताणणं): सिंथेटिक गट तार, ५० ते ५३ पौंड ताण. गावातला बॅडमिंटनचं गटिंग करणारा कारागीर कितीही चांगला असला तरी त्याचं यंत्र ५० पौंडांपर्यंत ताणतं का हे आधी विचारा. नसेल तर मुंबईत धोबी तलावला, नाहीतर दक्षिण कोकणातून कोल्हापूरला गेल्यावर करून आणा. रॅकेट उन्हात गाडीत ठेवू नका, ताण उतरतो.

चेंडू: दाबाच्या डब्यातले घ्या. डबा उघडताना ‘फुस्स’ आवाज आला नाही तर तो डबा परत करा. डोक्याच्या उंचीवरून सोडलेला चेंडू कमरेपर्यंत उसळला पाहिजे. दमट हवेत लोकर फुगते आणि चेंडू जड होतो. दोघेच रोजच्या सरावाला खेळत असाल तर बिनदाबाचे चेंडू जास्त दिवस टिकतात.

बूट: न उमटणाऱ्या तळव्याचे, कडेला घट्ट असलेले कोर्टचेच. धावण्याच्या बुटांचा तळवा उंच आणि मऊ असतो, बाजूला झेपावताना पाय वळतो.

९. पहिले काही दिवस

वेळेच्या दहा मिनिटं आधी पोहोचा, पण फाटकाबाहेर थांबा. रॅली चालू असताना मागून चालत जाऊ नका. दुसऱ्याचा चेंडू आला तर पॉइंट संपल्यावर टप्पा देऊन परत करा. मातीच्या कोर्टवर तास संपायच्या पाच मिनिटं आधी थांबून माती सपाट करायची जाळी कोर्टवरून ओढायची आणि रेषा झाडायच्या.

सोबती नसेल तर मार्कर, म्हणजे पैसे घेऊन सरावाला खेळणारा खेळाडू, मिळतो का विचारा. तासाचे पैसे घेतो, पण दहा दिवसांत तुमच्या तोडीचे कोण कोण येतात ते तोच सांगतो. त्याचा मोबदला कोर्टच्या शुल्कात धरलेला नसतो.

लहान मुलांना मोठ्या कोर्टवर नेहमीच्या पिवळ्या चेंडूने सुरुवात करून देऊ नका. मुलांसाठीचा लाल चेंडू ७५ टक्के मंद असतो आणि त्याचं कोर्ट साधारण ११ मीटर लांबीचं, नेट ८० सेंटिमीटर. हे सगळं बॅडमिंटनच्या हॉलमध्ये मावतं, म्हणून जून ते सप्टेंबर हॉल मिळाला तर मुलांचा सराव तुटत नाही. लाकडी जमीन असेल तर परवानगी घेऊन, स्वच्छ बुटांनीच.

मोठ्यांनी पावसाळ्यात भिंत शोधावी. पत्र्याच्या शेडखालची किंवा पार्किंगमधली गुळगुळीत भिंत चालते. जमिनीपासून ९१ सेंटिमीटरवर खडूने रेष मारा, साडेसहा मीटरवर उभे राहा आणि मंद चेंडूने रेषेच्या हातभर वर मारत राहा. सोसायटीची भिंत असेल तर दुपारची झोपेची वेळ सोडून.